पाहुणं कुठलं?

बारामती–इंदापूर एसटीत शेजारच्या माणसानं तुम्हाला "पाहुणं कुठलं?" असं विचारलं नाही, तर एक तर त्याला झोप लागलेली असते किंवा तो परमुलखातला असतो. एरवी काटेवाडी येईपर्यंत तुमचं गाव निघतं, भवानीनगरच्या कारखान्याची चिमणी दिसेपर्यंत आडनाव, आजोळ आणि जमिनीचा गट निघतो. सणसर मागं पडायच्या आत तुमची चुलत आत्या त्याच्या मेव्हण्याच्या भावकीत दिलेली आहे हे सिद्ध होतं आणि तो सरकून तुम्हाला खिडकीची जागा देतो. कार्ल लिनियस या स्वीडिश गृहस्थांनी १७५८ साली त्या वेळी ठाऊक असलेल्या जगभरच्या प्राण्यांना नाव-आडनाव लावलं, याचं मोठं कौतुक होतं. आमच्याकडच्या आज्या हे काम ओट्यावर बसून, तंबाखू मळता मळता करतात आणि त्यांची आवृत्ती रोज निघते.

एवढी सोयऱ्याधायऱ्यांची जाण असलेला हा मुलूख फुलपाखरासमोर मात्र एकदम मुका होतो. काय आहे? फुलपाखरू. कुठलं? पिवळं. दुसरं? पांढरं. संपलं. आणि पानावर अळी दिसली तर तिचं गाव, कूळ काही विचारायचं नाही, कृषी सेवा केंद्रात जाऊन "अळीवर काय मारू?" एवढंच विचारायचं. फुलपाखराचा फोटो काढायचा आणि अळीवर फवारा मारायचा. ही दोघं एकाच सातबाऱ्यावरची आहेत, हे कुणी मनावर घेत नाही.

आमच्या गल्लीतले तात्या कारखान्यातून चिटबॉय म्हणून निवृत्त झाले. ऊसपट्ट्याबाहेर हे पद ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. कुणाच्या गटात किती ऊस आहे, जात कुठली, लागण कधीची, आडसाली की सुरू की खोडवा, हे नोंदवणारा आणि ज्याच्या वहीवरून तोडीचा क्रम लागतो तो माणूस म्हणजे चिटबॉय. हंगामात त्याला आमदारापेक्षा जास्त चहा मिळतो. चालत्या मोटारसायकलवरून उजवीकडचा ऊस ८६०३२ आणि डावीकडचा २६५ हे तात्या मान न वळवता सांगतात. शहरातल्या माणसाला दोन्हीकडे नुसतं हिरवं दिसतं. अशा जाणत्या माणसाला मी एकदा विचारलं, "तात्या, हे फुलपाखरू कुठलं?"

"उडतंय ते," तात्या म्हणाले. "उडणाऱ्याची नोंद होत नसती."

मी म्हटलं, होते. ज्याची लागण कळते त्याची नोंद होते, आणि फुलपाखराची लागण झाडावर होते. कुठल्या झाडावर, हे कळलं की अर्धी सोयरीक जुळली. तात्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी खिशातून पेन काढलं. निवृत्त झाला तरी हाडाचा चिटबॉय तो.

आता सुरुवात कुणापासून करायची? महाराष्ट्रानं २०१५ साली ब्लू मॉर्मन, म्हणजे आपला नीलवंत, हे राज्याचं फुलपाखरू ठरवलं. असं करणारं देशातलं हे पहिलं राज्य. पण नीलवंताचं घराणं भरपूर पावसाच्या मुलखातलं. पर्जन्यछायेतल्या आमच्या इंदापूर तालुक्यात त्याला बघायचं तर टँकरनंच मागवावा लागेल. दुसरं स्थळ परसातल्या कढीपत्त्यावरचं, लिंबाच्या फुलपाखराचं. पण त्याची अळी लहानपणी हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते आणि हात लावला की डोक्यामागून तांबडं दुबेळकं शिंग बाहेर काढून घाण वास सोडते. तात्यांच्या वहिनींनी ती एकदाच पाहिली आणि तेव्हापासून त्या कढीपत्ता बाजारातून आणतात. उरली रुई.

रुईला आमच्याकडे मान आहे, पण घरात जागा नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस, केळी, डाळिंब सगळं पोसलं जातं. रुई मात्र भराव्यावर, बांधाच्या कोपऱ्यात, रस्ता रुंद करताना टाकलेल्या मुरमात, कुणाकडे पाणी न मागता उभी असते. शनिवारी तिच्या पानांची माळ मारुतीच्या गळ्यात पडते. पायात काटा मोडला की तिचा चीक आठवतो. पूर्वी तिसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्याचं लग्न आधी रुईशी लावत. तिसरं लग्न धार्जिणं नसतं म्हणून तिसरी बायको रुई, आणि खरी येते ती चौथी म्हणून सुखरूप. रुईला यात काय मिळालं, हे कुठल्या पोथीत नाही. तिच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात, म्हणून म्हैस तिला तोंड लावत नाही. अशा झाडावर एक पाहुणा मात्र जन्मापासून मुक्कामाला असतो.

त्याला मराठीत बिबळ्या कडवा म्हणतात, इंग्रजीत प्लेन टायगर. ओळख सोपी आहे. पंख नारिंगी-तपकिरी. पुढच्या पंखाचं टोक काळं आणि त्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा तिरका पट्टा. डोकं आणि छाती काळी, त्यावर पांढरी बुट्टी. मागच्या पंखाच्या मध्यावर मादीला तीन काळे ठिपके असतात आणि नराला चार. नराच्या त्या चौथ्या जाड ठिपक्यात पांढरट डोळा असतो. पाय सहा, पण उभा राहतो चारांवर; पुढचे दोन आखडून छातीशी धरलेले. उडणं संथ, जमिनीपासून फार उंच नाही, मागं कोण आहे याची फिकीर नाही. ज्याला घाई नसते त्याच्या पाठीशी काहीतरी बळ असतं, हे बारामती परिसरात वेगळं सांगावं लागत नाही.

गल्लीतल्या पोरांनी लगेच मोबाइल लावला. मोबाइल म्हणाला, हा मोनार्क. मोनार्क म्हणजे थंडीत हजारो किलोमीटर उडून मेक्सिकोच्या डोंगरात जाणारा अमेरिकन. खरंतर तो आमच्या बिबळ्याचा चुलतभाऊ. एकाच डॅनॉस कुळीतला, रंगानं तसाच नारिंगी, पण पंखांवर काळ्या शिरांची जाळी असलेला. इकडच्या बहुतेक घरांतला एखादा चुलतभाऊ अमेरिकेत असतोच, त्यामुळे तात्यांना हे नातं लगेच पटलं. मोबाइलला चुलतभाऊ ओळखता येत नाही, यानं त्यांना विशेष समाधान वाटलं. घराणं मात्र जुनं. इजिप्तमधल्या नेबामून नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात सव्वातीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी रंगवलेल्या चित्रात हाच प्राणी उडताना दिसतो, आणि ते चित्र आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लॅटिन नाव डॅनॉस क्रिसिपस. ग्रीक कथेत डॅनॉस राजाच्या पन्नास मुलींनी बापाच्या सांगण्यावरून लग्नाच्या पहिल्या रात्री आपापले नवरे कापले (एक तेवढी फितूर झाली), आणि क्रिसिपस हा त्या मेलेल्या नवऱ्यांपैकी एक. म्हणजे आडनाव सासऱ्याचं आणि नाव त्यानं मारवलेल्या जावयाचं. "पत्रिका बघितली नसंल," तात्या म्हणाले.

याच सुमारास एक गोंधळ झाला. कालव्याच्या कडेला मादी रुईभोवती घिरट्या घालताना दिसली म्हणून मी गल्लीतल्या एका पोराला फोन केला. "भराव्यावर बिबळ्या आहे. मादी आहे. लवकर ये, अंडी घालतेय." पहिल्या दोन वाक्यांवर वाडी हलली, तिसरं कुणी ऐकलंच नाही. जुन्नरकडे बिबट्या उसातच वितो, हे पुणे जिल्ह्यात आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. व्हॉट्सॲपवर निरोप गेला, शेळ्या आत बांधल्या गेल्या, आणि थोड्याच वेळात भराव्यावर काठ्या, बॅटऱ्या, फटाक्यांची एक लड आणि हलगी एवढा सरंजाम हजर झाला. मी बोटानं पानाखाली दाखवलं. सगळे वाकले. एक म्हातारबा बराच वेळ बघून म्हणाले, "आन् आई कुठंय ह्याची?"

हलगी वाया जाऊ नये म्हणून थोडी वाजवली. पण तात्या वाकलेले होते ते उठले नाहीत. त्यांनी मादीचं काम पाहिलं होतं. ती पानावर उतरते, आखडलेल्या पुढच्या पायांनी पान थापटून चव घेते (तिची चव पायांत असते), खात्री पटली की पोट वळवून पानाच्या खालच्या बाजूला एकच अंडं चिकटवते, आणि दुसऱ्या पानाकडे जाते. "एका पानाला एकच," तात्या हळूच म्हणाले. "अंतर ठेवून लागण. आमच्या शेतकऱ्याला सांगून सांगून तोंड दुखलं." आणि त्यांनी वही उघडली. गट नंबर. जात, बिबळ्या कडवा. पीक, रुई. लागणीची तारीख. क्षेत्राच्या रकान्यात थोडा विचार करून त्यांनी 'एक पान' असं लिहिलं.

अंडं बारीक, मोतिया पांढरं, उभ्या रेघांचं. तीनेक दिवसांत त्यातून अळी निघते आणि पहिला घास म्हणून स्वतःचं टरफल खाते. मग पान. पान म्हटलं की चीक आला, आणि तो नुसता विषारी नसतो, चिकटही असतो. एवढ्याशा अळीचं तोंड कायमचं बंद करायला पुरेसा. म्हणून ती आधी पानाची शीर देठाकडच्या बाजूनं कुरतडते, चिकाचा प्रवाह तिथंच तुटतो, आणि मग ती पुढचा कोरडा भाग निवांत खात बसते. हे पाहिल्यावर तात्यांनी मला खांद्याला धरून हलवलं. "वरच्या अंगाला दारं मोडून पाणी बंद केलं की ओ हिनं!" उभा जन्म रात्री-अपरात्री पाटाची दारं धरण्यात गेलेल्या माणसाला अळीबद्दल वाटलेला तो पहिला आदर.

अळी चार वेळा कात टाकते आणि प्रत्येक कात खाऊन टाकते. मोठी झाली की अंगावर काळे, पांढरे, पिवळे पट्टे येतात आणि काळ्या लांब शिंगांच्या तीन जोड्या उगवतात. एक डोक्याकडे, एक मध्ये, एक शेपटाकडे. तोंड कुठल्या बाजूला, हे बघणाऱ्याला पटकन कळत नाही. लपण्याचा कसलाही प्रयत्न नाही. उघड्यावर, भडक कपड्यांत, भर उन्हात जेवण चालू.

दोनेक आठवडे हा भोजनभाऊपणा चालतो, आणि नेमका या काळात शेजारचे अण्णा पाठीवर पंप घेऊन आले. "अळी पडलीय, उसावर जाईल." अण्णांची भीती अगदीच खोटी नव्हती, उसाला पोखरणारा खोडकिडा हीसुद्धा एका पतंगाची अळीच असते, आणि तिची अंडी नासवायला शेतात ट्रायकोकार्डं टांगतात. पण ही अळी उसात सोडली तर उपाशी मरेल. तिला रुई किंवा रुईच्या भावकीतलीच वनस्पती लागते. पंगतीत दुसरं ताट पुढं केलं तर ती उठून जाते. अण्णा पंप न उतरवता म्हणाले, "मग नुसतं पाणी मारतो." पाठीवर घेतलेला पंप तसाच परत न्यायचा, हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

या जेवणात तिचं सगळं आयुष्य ठरतं. रुईचं विष ती पचवून टाकत नाही, साठवते, आणि ते पुढं पंखांपर्यंत जातं. एखाद्या पोरसवदा कोतवालानं बिबळ्या चोचीत धरलाच, तर तोंड कडू पडतं, उलटी होते, आणि तो नारिंगी-काळा रंग त्याच्या जन्मभर लक्षात राहतो. बिबळ्याची कातडी चिवट असते. पकडला तर मेल्याचं सोंग घेतो, घाणेरडा द्राव सोडतो, आणि सोडून दिला की झटकून उडून जातो. एकाचा अनुभव साऱ्या भावकीला संरक्षण देतो. म्हणून ते उडणं संथ.

आणि जिथं नावाला असं वजन येतं, तिथं नाव सांगणारे येणारच. तात्यांनी एके दिवशी मोठ्या उत्साहानं बिबळ्याची मादी दाखवली. रंग तोच, टोक काळं तेच, चाल तशीच. पण मागच्या पंखावर मध्यातले तीन ठिपके नव्हते. वरच्या कडेला एकच. ही छोटा चांदवा या निराळ्याच फुलपाखराची मादी. तिचा नवरा काळा, पंखांवर जांभळ्या झाकेची पांढरी चांदणी मिरवणारा. तो कुणाचं सोंग घेत नाही. ही मात्र बिबळ्याचा वेश घेऊन फिरते, कारण ती स्वतः कडू नाही. अळी असताना खाल्लेली असते घोळाची भाजी. होय, तीच, वहिनी डाळ घालून करतात ती. हेन्री बेट्स या इंग्रज माणसानं ॲमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षं काढून १८६२ साली हा प्रकार जगाला समजावून दिला. तात्यांना ॲमेझॉनपर्यंत जायची गरज वाटली नाही. "कळलं," ते म्हणाले. "गाडीच्या काचेवर पाटी लावून फिरतात आन् टोलनाक्यावर साहेबांचं नाव सांगतात. साहेबाला ह्यांचं नावबी ठाऊक नसतं." बेट्सच्या सिद्धान्तातला पुढचा मुद्दाही त्यांनी आपणहून गाठला. अशी तोतयी माणसं थोडी असतील तोवरच भागतं. फार झाली, की नाक्यावरचा माणूस पाटी दिसूनही पावती फाडतो. पक्षीही तेच करतात.

अळीच्या गोष्टीत अध्यात्म यायचं राहत नाही. आषाढी वारीत तुकोबांची पालखी काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण घेऊन पुढं सणसरला मुक्कामाला येते, आणि त्या रात्री कीर्तनात कुठं ना कुठं अळीचा दृष्टान्त निघतोच. कुंभारीण माशी अळीला मातीच्या घरात कोंडते, अळी भयानं तिचंच ध्यान करते, आणि ध्यान करता करता तीच कुंभारीण होऊन उडते. एकनाथी भागवतात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये ही माशी शेवटची गुरू आहे. दृष्टान्त अप्रतिम आहे. फक्त अळीच्या बाजूनं पाहिलं तर जरा वेगळं दिसतं. कुंभारीण अळीला नांगी मारून लुळी करते, मातीच्या खोलीत आधीच घातलेल्या आपल्या अंड्याजवळ ठेवते आणि दार लिंपते. अंड्यातून निघालेलं पोर ती अळी जिवंतपणी खातं आणि मोठं होऊन उडून जातं. बाहेरच्याला वाटतं, अळीची माशी झाली. एका अर्थी झालीच. हे मी तात्यांच्या घरी माळकरी मंडळींसमोर सांगितलं तेव्हा थोडी शांतता पसरली. मग एक बुवा म्हणाले, "म्हणूनच गुरू पारखून करावा."

खरा चमत्कार रुईवरच चालू होता. पोट भरलेली अळी एक दिवस खाणं थांबवते, पानाच्या खालच्या बाजूला रेशमाची गादी विणते, शेपटाकडून तिला धरून डोकं खाली सोडते आणि आकड्यासारखी लोंबकळते. मग शेवटची कात फाटते आणि आत अळी नसतेच, कोष असतो. हिरव्या पानावर हिरवा, वाळक्या काडीवर गुलाबीसर, आणि त्यावर खरोखर सोन्याची वाटावी अशी टिकल्यांची ओळ. तात्यांच्या वहिनींनी रुईला पहिल्यांदाच नाव न ठेवता पाहिलं आणि "एवढी गाठवून द्या" म्हणाल्या.

तात्यांनी वहीत लिहिलं, 'गाळप चालू'. तेही अगदीच अयोग्य नव्हतं. कोषाच्या आत अळीचं बरंचसं शरीर विरघळून जातं. अळीच्या अंगात पहिल्यापासून दबून बसलेले पेशींचे छोटे पुंजके आता जागे होतात आणि त्या रसावर पंख, लांब सोंड, मोठे डोळे उभे करतात. यात जुनं काही उरतं का? २००८ साली अमेरिकेत काही संशोधकांनी तंबाखूवरच्या पतंगाच्या अळ्यांना एका वासासोबत विजेचे झटके दिले. मोठ्या अळ्यांना दिलेला हा धडा कोषातून निघालेल्या पतंगांच्याही लक्षात होता. ते त्या वासापासून लांब राहिले. शरीर विरघळलं, आठवण राहिली.

तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे सोसायटी नवी काढली तरी थकबाकी तशीच."

आठ-दहा दिवसांनी एका सकाळी कोष काळपट झाला आणि आतले नारिंगी पंख बाहेरून दिसू लागले. तात्या अंघोळ न करता भराव्यावर. कोषाला चीर गेली, चार पाय बाहेर आले, मागोमाग चुरगळलेलं, ओलं, अगदीच दरिद्री दिसणारं काहीतरी लोंबलं. त्यानं तांबूस द्रवाचे थेंब टाकले, पोट आवळून पंखांत रस भरला आणि पंख हळूहळू उलगडत ताठ झाले. सोंडेचे दोन भाग सुटे निघतात. ते त्यानं गुंडाळी-उलगडी करत जुळवून घेतले. तात्यांनी ठिपके मोजले. चार. "नर!" चष्मा न लावता.

लागणीपासून साधारण महिना झाला होता. आडसाली ऊस १६ ते १८ महिने रानात उभा बघितलेल्या माणसाला हा वेग पचवायला वेळ लागला. त्यांनी वहीत उताऱ्याचा रकाना उघडा ठेवला आणि विचारलं, "आता हे करणार काय?"

लग्न, मी म्हटलं. पण त्याआधी अत्तर. चौथा ठिपका म्हणजे नराची गंधाची पिशवी. मादीला भुलवणारा वास त्याला घरी तयार करता येत नाही. भुरुंडी, खुळखुळा, तागाच्या जातकुळीतली झाडं, यांच्या वाळलेल्या किंवा चिरडलेल्या भागांतून रस शोषून तो कच्चा माल गोळा करतो. ते मिळालं नाही तर स्थळ पुढं सरकत नाही.

तात्यांनी कालव्यापलीकडे पाहिलं. पलीकडच्या रानात लागणीआधी गाडायला कुणीतरी ताग केला होता, पिवळ्या फुलांवर आलेला. ऊन वर आलं तसा आमचा नर दोनदा पंख मिटून उघडून उठला, सावकाश, कुणाची भीडभाड न ठेवता, कालवा ओलांडून थेट तागात उतरला.

"ते रान आपल्यात नाही," तात्या म्हणाले. "शेजारच्या कारखान्याच्या कार्यक्षेत्रात येतंय." त्यांनी वही मिटली आणि पेनाला टोपण लावलं. "वर्षानुवर्षं हेच बघतोय. नोंद आपल्याकडं, आन् गाळपाला तिकडं."